शिबिरातले ताई-दादा: निवड, पडताळणी आणि प्रशिक्षण. ठाणे–नवी मुंबईत पहिल्यांदाच उन्हाळी शिबिर घेणाऱ्यांसाठी

फेब्रुवारी लागला की घोडबंदर रोडपासून उलव्यापर्यंतच्या सोसायट्यांत उन्हाळी शिबिरांची बोलणी सुरू होतात. हॉल ठरतो, फी ठरते, मातीकामाला शाडू कुठून आणायची तेही ठरतं. मुलांबरोबर दिवसभर राहणारी माणसं मात्र एप्रिल उजाडल्यावर, फोनाफोनी करून, 'तुझ्या ओळखीत कोणी आहे का' असं विचारत गोळा केली जातात. शिबिरात पुढे जे बिघडतं त्याचं मूळ पुष्कळदा या घाईत असतं.

इथे दिलेलं सगळं दिवसाच्या शिबिरासाठी आहे. म्हणजे सकाळी आलेलं मूल दुपारी किंवा संध्याकाळी घरी जातं आणि मुलं साधारण ४ ते १४ वयाची असतात. मुक्कामी शिबिराचं गणित वेगळं.

शिबिरात ताई किंवा दादा म्हणून उभं राहायला बी.एड.सारखी एक ठरलेली पदवी लागत नाही. त्यामुळे अनेकांना वाटतं की आपल्याला कायद्याचं बंधनच नाही. बंधन आहे. मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा पॉक्सो कायदा २०१२ चा, आणि त्याखालचे २०२० चे नियम. त्यातला तिसरा नियम सांगतो की शाळा, पाळणाघर, क्रीडा अकादमी किंवा मुलांसाठीची इतर कोणतीही सोय चालवणाऱ्यांनी मुलांच्या संपर्कात येणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याची पोलिस पडताळणी करून घ्यायची, ती ठरावीक काळाने पुन्हा करायची, आणि बालसुरक्षेचं प्रशिक्षणही द्यायचं. कर्मचारी शिकवणारा असो वा नसो, कायम असो वा कंत्राटी, नियम सगळ्यांना एकच. पंधरा दिवसांचं शिबिर असलं तरी मुलं तुमच्या ताब्यात असतात, तेव्हा हा नियम आपल्यासाठीच आहे असं धरून चाला.

१. आधी यादी: मुलांजवळ कोण कोण येणार?

कोरा कागद घ्या आणि शिबिराचा एक दिवस सकाळपासून डोळ्यांसमोर आणा. गाडीचे काका, गाडीतल्या मावशी, गेटवरचा वॉचमन, हजेरी घेणारी ताई, गटाचे ताई-दादा, चित्रकलेचे सर, एकाच दिवसासाठी येणारा कठपुतळीवाला, खाऊ देणारे केटररचे दोघे, स्वच्छतागृहाजवळच्या मावशी, फोटो काढणारा मुलगा. आठ माणसांचं शिबिर वाटत होतं, नावं सतराच्या पुढे जातात.

आता प्रत्येक नावापुढे एकच प्रश्न लिहा: हा माणूस एखाद्या मुलाबरोबर एकटा असू शकतो का? उत्तर 'हो' असेल तर त्याची पूर्ण पडताळणी आणि पूर्ण प्रशिक्षण करायचं. 'नाही' असेल, तर तो एकटा राहणार नाही याची जबाबदारी ज्याच्यावर, त्याचं नाव शेजारी लिहायचं. एका दिवसाच्या पाहुण्या कलाकाराबरोबर गटाचा दादा सतत हजर राहील, असं स्पष्ट.

लोक इथे चुकतात ते ठरलेल्या जागी. शिकवणाऱ्यांची कागदपत्रं घेतात आणि मावशी, ड्रायव्हर, सफाईवाले यांना 'एजन्सीची माणसं' म्हणून सोडून देतात. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेतल्या दोन लहान मुलींवरच्या अत्याचाराच्या प्रकरणात ज्याच्यावर आरोप झाला, तो कंत्राटी सफाई कामगार होता. त्यानंतर राज्य सरकारने शाळांसाठी कर्मचाऱ्यांची पडताळणी, सीसीटीव्ही आणि तक्रारपेटी यांचे आदेश काढले. एजन्सीकडून माणूस घेत असाल तर त्याची पडताळणी झाल्याचा कागद एजन्सीकडे न ठेवता तुमच्या फाइलमध्ये आणा. आज एक मावशी आणि उद्या दुसरी, ही पद्धत मुलांच्या शिबिरात चालवून घेऊ नका.

२. किती मुलांमागे किती माणसं?

शिक्षण हक्क कायद्यातलं प्राथमिक वर्गाचं ३० मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण इथे उचलू नका. ते बाकांवर बसलेल्या वर्गासाठी आहे. शिबिरात मुलं धावतात, कात्री हाताळतात, मैदानावर जातात.

हाताशी धरायला अमेरिकन कॅम्प असोसिएशनचं दिवसाच्या शिबिराचं प्रमाण चांगलं आहे: ५ वर्षांपर्यंत ६ मुलांमागे एक, ६ ते ८ वयाला ८ मुलांमागे एक, ९ ते १४ वयाला १० मुलांमागे एक. आपल्याकडे ते कायद्याने बंधनकारक नाही, पण त्याहून सैल करण्याचं कारणही नाही.

हिशोब करून पाहा. ४० मुलं आहेत. ४-५ वर्षांची १२, ६ ते ८ ची १६ आणि ९ ते १२ ची १२. पहिल्या गटाला दोन, दुसऱ्याला दोन, तिसऱ्यालाही दोनच, कारण १२ मुलांना एक पुरत नाही. झाले सहा. संचालक या सहांत धरायचे नाहीत. ते पालकांशी बोलत असतात, फोनवर असतात. मदतनीस मावशीही नाहीत. शिवाय एक राखीव माणूस हवाच. कोणाला तरी ताप येणार, कोणाची तरी ट्रान्सहार्बरची गाडी चुकणार. म्हणजे संचालक, सहा ताई-दादा, एक राखीव आणि मावशी, असे एकूण नऊ.

दहावी-बारावीची उत्साही मुलं मदतीला येतात. जरूर घ्या, पण 'ज्युनिअर' म्हणून, आणि या मोजणीत अजिबात धरू नका. १८ पूर्ण झालेल्यालाच गट सोपवायचा. १४ वर्षांखालच्या मुलाला तर कामाला ठेवताच येत नाही, बालकामगार कायदा आड येतो.

३. कोणत्या कामाला कोणती पात्रता

*संचालक.* वय २५ च्या पुढे असलेलं बरं. मुलांबरोबर काम केल्याचा किमान दोन-तीन हंगामांचा अनुभव हवा. शिक्षण कोणतंही असो, अवघड क्षणी शांत राहून निर्णय घेणारी व्यक्ती हवी. शिबिर चालू असताना संचालकांनी जागा सोडायची नाही. सोडलीच तर त्या वेळचा जबाबदार कोण, ते हजेरीच्या फळ्यावर लिहून जायचं.

*लहान गटाच्या ताई.* बालवाडीचा किंवा पूर्वप्राथमिकचा अभ्यासक्रम, डी.एड., नाहीतर पाळणाघर-बालवाडीतला प्रत्यक्ष अनुभव. चार वर्षांच्या मुलाला रडू आलं तर काय करायचं, हे हौसेने आलेल्या कॉलेजच्या मुलीला शिकवायला वेळ लागतो. मोठ्या गटाला तीच मुलगी उत्तम सांभाळेल.

*खेळ.* बी.पी.एड. किंवा पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा अभ्यासक्रम, ज्याला मैदानावर सगळे 'एनआयएस' म्हणतात. प्रमाणपत्र नीट वाचा. एनआयएसचा वर्षभराचा डिप्लोमा असतो आणि सहा आठवड्यांचा सर्टिफिकेट कोर्सही असतो. माहितीपत्रकात दोन्ही 'एनआयएस कोच' म्हणूनच येतात. खेळ कोणता तेही बघा, कबड्डीच्या प्रमाणपत्रावर जिम्नॅस्टिक्स शिकवता येत नाही.

*पाणी.* पोहणं ठेवणार असाल तर शिकवणारा आणि जीवरक्षक ही दोन वेगळी माणसं हवीत. शिकवणाऱ्याचं लक्ष समोरच्या चार मुलांवर असतं. जीवरक्षकाचं काम फक्त पाण्याकडे बघणं, हातात मोबाइल नाही. तलावाचा स्वतःचा जीवरक्षक असला तरी तुमचा एक माणूस काठावर मोजणीसाठी उभा ठेवा. बुडणारं मूल सिनेमातल्यासारखं ओरडत नाही. तोंड पाण्यात असल्याने त्याला आवाजच काढता येत नाही, म्हणून कान देऊन उपयोग नाही, डोळेच लागतात.

*दोर, कडा, ट्रेक.* इथे सगळ्यात जास्त फसगत होते. 'बेसिक केलंय' म्हणजे उत्तरकाशीच्या नेहरू इन्स्टिट्यूटसारख्या संस्थेत त्या माणसाने गिर्यारोहणाचा पहिला अभ्यासक्रम पूर्ण केला. तो स्वतः शिकला, दुसऱ्याला शिकवायला पात्र झाला असं नाही. त्यापुढे 'अ‍ॅडव्हान्स' आणि त्यापुढे 'मेथड ऑफ इन्स्ट्रक्शन' असतं. दोरावर मुलं चढवणारा मुख्य माणूस या शेवटच्या पायरीवरचा असावा. राज्याचं साहसी पर्यटन धोरण २०२१ चं आहे आणि त्यात आयोजकांना पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी लागते. बाहेरची संस्था आणत असाल तर आधी तो नोंदणीचा कागद मागा. कागद नसेल तर झिपलाइन रद्द करा, लगोरी ठेवा. मुलं तेवढीच खूश होतात.

*गाडी.* व्हॅनची नंबरप्लेट पिवळी आहे का, एवढं पाहिलं तरी निम्मं काम होतं. पांढऱ्या प्लेटच्या खासगी गाडीतून भाडं घेऊन मुलं नेणं बेकायदा आहे, आणि अपघात झाला तर विमा कंपनी तेच कारण पुढे करते. चालकाचा परवाना, बॅज, गाडीचं फिटनेस आणि विमा यांच्या प्रती घ्या. गाडीत मुली असतील तर महिला मदतनीस हवीच.

*खाऊ.* केटररचा एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षेच्या परवान्याचा, १४ आकडी क्रमांक घ्या.

४. कागदपत्रं आणि पोलिस पडताळणी

प्रत्येक माणसाची एक पातळ फाइल करा. तिच्यात हे असावं:

– फोटो असलेलं ओळखपत्र. आधार घेत असाल तर शेवटचे चारच आकडे दिसणारी मास्क्ड प्रत पुरते.
– सध्याच्या राहत्या पत्त्याचा पुरावा. भाड्याने राहत असल्यास भाडेकरार.
– वयाचा पुरावा.
– कामाला लागणारी प्रमाणपत्रं. मूळ प्रत समोर बघून झेरॉक्सवर 'मूळ पाहिली' असं लिहून सही करा. मूळ कागद ठेवून घेऊ नका.
– चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र.
– दोन संदर्भांची नावं, फोन, आणि त्यांच्याशी काय बोलणं झालं त्याची तारखेसह नोंद.
– प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र असल्यास त्याची प्रत. मुदत छापलेली असते, ती शिबिराच्या शेवटच्या दिवसापर्यंत पुरते का ते बघा.
– आचारसंहितेवर सही.
– रक्तगट, घरच्यांचा नंबर, स्वतःचा दमा, फिट्स असा काही त्रास.

चारित्र्य पडताळणीसाठी उमेदवाराने स्वतः महाराष्ट्र पोलिसांच्या ऑनलाइन सेवेवर अर्ज करायचा असतो. तुम्ही लेटरहेडवर पत्र द्या: कोणत्या कामासाठी, कुठे, कोणत्या तारखांना. पत्र नसलं की अर्ज अडकतो. 'पासपोर्ट ऑफिसमधून मिळतं ते पीसीसी' (पोलिस क्लिअरन्स सर्टिफिकेट) वेगळं. ते परदेशी जाणाऱ्यांसाठी असतं, लोक गोंधळून तिकडे अर्ज करतात.

दुसरा गोंधळ हद्दीचा. अर्ज माणूस राहतो तिथल्या पोलिसांकडे जातो, शिबिर कुठे आहे त्याच्याशी संबंध नाही. ठाणे, कळवा, मुंब्रा, डोंबिवली, कल्याण, भिवंडी, अंबरनाथ, बदलापूर ही ठाणे पोलिस आयुक्तालयाची हद्द. ऐरोलीपासून बेलापूरपर्यंत नवी मुंबई आयुक्तालय, आणि खारघर, कामोठे, पनवेलही त्याच्याकडेच, जरी महापालिका पनवेलची असली तरी. मिरा रोडचा मुलगा असेल तर मिरा-भाईंदर, वसई-विरार आयुक्तालय. मुरबाड-शहापूरचा असेल तर ठाणे ग्रामीण. ऐरोलीच्या शिबिराला मुलुंडहून येणारी ताई मुंबई पोलिसांकडे अर्ज करणार. आधारवर गावचा पत्ता आणि राहणं कोपरखैरण्यात पेइंग गेस्ट म्हणून, अशी मुलं पुष्कळ असतात. त्यांच्याकडे राहत्या पत्त्याचा कागद आहे का हे पहिल्याच भेटीत विचारा, कारण तो जमवण्यातच पंधरा दिवस जातात.

म्हणून वेळेचा हिशोब उलटा मांडा. शिबिर २० एप्रिलला सुरू होणार असेल तर फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात यादी, फेब्रुवारी संपायच्या आत सगळ्यांचे अर्ज भरलेले. प्रमाणपत्र वेळेत आलं नाही तर त्या माणसाला मुलांपासून दूरचं काम द्या: साहित्य, नोंदणी, हिशोब. 'अर्ज केलाय, येईलच' यावर गट सोपवायचा नाही.

आणि एक गोष्ट मनात पक्की ठेवा. पोलिसांचा कागद एवढंच सांगतो की नोंदीत काही सापडलं नाही. ज्याच्याबद्दल कधी तक्रारच झाली नाही त्याचाही कागद स्वच्छ येतो. म्हणून संदर्भांना फोन करायचाच. फोनवर 'चांगला आहे का?' विचारलंत तर 'हो, चांगला आहे' एवढंच मिळतं. विचारायचं असं: 'तो तुमच्याकडे कोणत्या वयाच्या मुलांबरोबर होता? काम का सोडलं? पुन्हा घ्याल का?' शेवटच्या प्रश्नानंतर समोरचा किती वेळ थांबतो, ते ऐका. तो क्षणभराचा थांबा नोंदवहीत लिहून ठेवा आणि दुसरा संदर्भ आणखी बारकाईने घ्या.

५. मुलाखत

खुर्चीवर बसवून घेतलेल्या मुलाखतीत फार कळत नाही. दोन प्रसंग द्या. एक: 'सात वर्षांचा मुलगा खेळातून बाहेर झाला म्हणून टेबलाखाली जाऊन बसलाय, तुम्ही काय कराल?' दोन: 'एक मुलगी म्हणते, ताई तुला एक गुपित सांगते, कोणाला सांगणार नाही ना?' पहिल्याला ओढून बाहेर काढणारा आणि दुसऱ्याला 'नाही सांगणार' असं वचन देणारी, दोघांनाही घ्यायला हरकत नाही, पण प्रशिक्षणात तेवढा भाग त्यांच्याकडून पक्का करून घ्या. मात्र 'एक फटका दिला की येतो बाहेर' म्हणणाऱ्याला घेऊ नका. ते प्रशिक्षणाने जात नाही.

जमलं तर अर्धा तास सोसायटीच्या चार मुलांबरोबर खेळ घ्यायला सांगा. गुडघ्यावर बसून मुलाच्या डोळ्यांच्या उंचीला येऊन बोलणारा माणूस दुरूनही ओळखू येतो.

६. आचारसंहिता एका पानाची

पॉक्सोचे नियम संस्थेकडे बालसंरक्षण धोरण असावं असं सांगतात. वीस पानं इंटरनेटवरून उतरवू नका, कोणी वाचत नाही. एक पान, मराठीत, मावशींना वाचून दाखवता येईल असं. त्यात किमान एवढं:

– बंद दाराआड एक मोठा माणूस आणि एक मूल, असं कधीच नाही.
– शू-शीला मुलं जोडीने जातील, ताई बाहेर उभी राहील. लहान गटातल्या ज्या मुलांना मदत लागते, ती कोण करणार हे पालकांकडून लिहून घेतलेलं असेल.
– मारणं, उन्हात उभं करणं, खोलीत कोंडणं, खाऊ बंद करणं, अंगावरून-रंगावरून चिडवणं, यातलं काही नाही. ताब्यातल्या मुलाशी क्रूरपणे वागणं हा बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ७५ खाली गुन्हा आहे.
– मुलांचे फोटो स्वतःच्या मोबाइलवर नाहीत. शिबिराच्या एकाच फोनवर, पालकांच्या लेखी संमतीने.
– मुलांशी खासगी चॅट नाही, भेटवस्तू नाही, शिबिराबाहेर एकट्याने भेट नाही.
– काही खटकलं तर त्याच दिवशी संचालकांना सांगायचं. संचालकांबद्दलच खटकलं तर कोणाला सांगायचं, त्या व्यक्तीचं नाव आणि नंबर इथेच लिहिलेला असावा. ही ओळ बहुतेक पत्रकांत राहून जाते.

कर्मचारी दहा किंवा जास्त असतील तर कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समितीही लागते. त्याहून कमी असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीचा पत्ता फळ्यावर लावा. वीस वर्षांच्या ताईलाही सुरक्षित वाटलं पाहिजे.

७. प्रशिक्षण: तीन दिवस, अठरा तास

अमेरिकन कॅम्प असोसिएशन दिवसाच्या शिबिरासाठी किमान अठरा तासांची पूर्वतयारी सांगते. आपल्याकडे ते तीन दिवसांत, रोज सहा तास असं नीट बसतं. एप्रिलच्या सुरुवातीचा एक शनिवार-रविवार आणि पुढचा एक रविवार घ्या. कॉलेजच्या मुलांच्या परीक्षेच्या तारखा आधी विचारा. या तीन दिवसांचं मानधन द्या. प्रशिक्षण फुकट ठेवलं की दुसऱ्या दिवशी निम्मी माणसं येत नाहीत, आणि न आलेल्यालाच पुढे गट द्यावा लागतो.

*पहिला दिवस: मुलं.* कोणत्या वयाचं मूल किती वेळ एका जागी बसतं, रडणं-रुसणं-मारामारी कशी सांभाळायची, मतिमंद म्हणून हिणवलं गेलेलं किंवा ऑटिझम असलेलं मूल गटात कसं सामावून घ्यायचं. दुपारनंतर पॉक्सो. कायद्याची कलमं वाचून दाखवू नका, प्रसंग करून घ्या. मूल काही सांगू लागलं तर काय करायचं, याची जोडीजोडीने तालीम: शांतपणे ऐकायचं, 'तू सांगितलंस ते चांगलं केलंस' म्हणायचं, गुपित ठेवण्याचं वचन द्यायचं नाही, उलटतपासणी करायची नाही, आणि मुलाचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवायचे.

*दुसरा दिवस: प्रथमोपचार.* सेंट जॉन अ‍ॅम्ब्युलन्स किंवा रेडक्रॉससारख्या संस्थेचा प्रशिक्षक बोलवा आणि पुतळ्यावर हात चालवून घ्या. व्हिडिओ बघून सीपीआर, म्हणजे छाती दाबून आणि तोंडाने श्वास देऊन जीव वाचवणं, येत नाही. दाब मिनिटाला १०० ते १२० या वेगाने, छातीच्या सुमारे एक तृतीयांश खोलीपर्यंत, ३० दाबांनंतर २ श्वास. पहिल्या दोन मिनिटांतच मनगटं दुखतात, आणि आपल्याला वाटतं त्यापेक्षा कितीतरी हळू दाबतोय हे तेव्हाच लक्षात येतं.

याच दिवशी घरगुती सवयी मोडाव्या लागतात. त्या खोल बसलेल्या असतात, नुसतं सांगून जात नाहीत:

– फिट आली तर कांदा किंवा चप्पल हुंगवायची नाही, तोंडात चमचा घालायचा नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत. आजूबाजूचं टणक सामान दूर करा, डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवा, कुशीवर वळवा, घड्याळ बघा. पाच मिनिटांच्या पुढे गेली तर १०८.
– भाजलं तर टूथपेस्ट किंवा हळद नाही. वीस मिनिटं वाहत्या पाण्याखाली.
– घोळणा फुटला तर डोकं मागे नाही, पुढे. नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं चिमटीत, मध्ये सोडून बघायचं नाही.
– घशात अडकलं आणि मूल खोकू शकत नसेल तर पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मध्ये पाच थाप, मग पोटावर बेंबीच्या वर आत-वर असे पाच दाब, आळीपाळीने. तोंडात बोट घालून चाचपडायचं नाही.
– कुत्रं चावलं तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा, मग थेट रुग्णालय. ठाण्यात कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, नवी मुंबईत वाशीचं महापालिका रुग्णालय. जखम लहान आहे म्हणून थांबायचं नाही.
– पक्का दात पडला तर मुळाला हात न लावता उचला, दुधात ठेवा, तासाभराच्या आत दातांच्या डॉक्टरांकडे.

पेटीत गोळ्या ठेवू नका. शिबिराने स्वतःहून पॅरासिटॅमॉलही द्यायची नाही. मुलाचं स्वतःचं औषध असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी आणि पालकांची सही हवी. दम्याचा पंप असलेली दोन-तीन मुलं प्रत्येक शिबिरात असतात. तो स्पेसर (पंपाला जोडायची नळी) लावून कसा द्यायचा हे त्या गटाच्या ताईला त्या मुलाच्या आईनेच दाखवलेलं उत्तम. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी विचारताना नुसतं 'अ‍ॅलर्जी आहे का' विचारू नका. चिक्की, साबुदाण्याची खिचडी, कोशिंबिरीतलं कूट, असं नाव घेऊन विचारा. मग आईला आठवतं.

*तिसरा दिवस: प्रत्यक्ष जागेवर.* जिथे शिबिर होणार त्याच हॉलमध्ये, त्याच मैदानावर. हे दुसरीकडे करून उपयोग नाही.

हरवलेल्या मुलाची तालीम करा. एका ज्युनिअरला पार्किंगमध्ये लपवा आणि शिट्टी वाजवा. पहिल्या वेळी सगळेच शोधायला पळतात आणि उरलेल्या मुलांजवळ कोणीच नसतं. ठरवून द्या: गटाचे ताई-दादा आपापल्या मुलांना जागेवर बसवून डोकी मोजतील, राखीव माणूस गेट धरेल, संचालक आणि मावशी शोधतील, आधी पाण्याची टाकी आणि स्वच्छतागृह, मग जिना, मग पार्किंग. पाच मिनिटांत मूल सापडलं नाही तर पालकांना आणि ११२ ला फोन. 'दहा मिनिटं बघू, पालक घाबरतील' हा विचार करायचा नाही.

डोकी मोजायची ती प्रत्येक हालचालीला: हॉलमधून मैदानावर, मैदानावरून हॉलमध्ये, खाऊच्या आधी, गाडीत चढताना, उतरल्यावर. ऐरोलीच्या खाडीकिनारी फ्लेमिंगो दाखवायला नेताना किंवा येऊरला जाताना ती मोठ्याने आणि आकडा सांगून. गाडी रिकामी झाली की शेवटच्या सीटपर्यंत चालत जाऊन बघायचं. झोपलेलं मूल सीटखाली घसरलेलं असतं, आणि मेच्या उन्हात बंद गाडी काही मिनिटांत भट्टी होते.

सोडतानाची तालीमही हवी. नोंदणीच्या अर्जावर घ्यायला येणाऱ्या तिघांची नावं असतात, चौथा माणूस आला तर तो कितीही ओळखीचा वाटला तरी पालकांच्या लिहिलेल्या नंबरवर स्वतः फोन लावायचा. समोरचा लावून देईल तो फोन नाही. उशीर झालेल्या पालकांसाठी दोन मोठी माणसं थांबतील.

आगीची तालीम दहा मिनिटांत होते: कोणत्या दाराने बाहेर, कुठे जमायचं, लिफ्ट वापरायची नाही, अग्निशामकाची पिन कशी ओढायची.

मग ऊन. १६ एप्रिल २०२३ ला खारघरला भर उन्हातल्या कार्यक्रमात उष्माघाताने १४ माणसं गेली, ती सगळी मोठी माणसं होती. आपल्याकडे पारा ३७-३८ वर असला तरी दमट हवेत घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही की अंग थंड होत नाही. मैदान साडेनऊपर्यंत, मग संध्याकाळी पाचनंतर. दर वीस मिनिटांनी पाणी, तहान लागो न लागो. ओआरएसचं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात, अर्ध्या ग्लासात अर्धं पाकीट असं नाही. मूल तापलेलं असून बरळत असेल किंवा झोपाळू झालं असेल तर सावली, कपडे सैल, अंगावर पाणी, पंखा आणि १०८, हे सगळं एकाच वेळी. शुद्धीत नसलेल्याला पाणी पाजायचं नाही.

तिन्ही दिवसांची हजेरी सहीनिशी ठेवा. एक दिवस चुकलेल्याचा तो भाग वेगळा घेतल्याशिवाय त्याला गट नाही.

८. शिबिर सुरू झाल्यावर

रोज मुलं यायच्या आधी पंधरा मिनिटं सगळे उभे: कोण गैरहजर, आज कोणाची काळजी घ्यायची, पाहुणा कोण आणि त्याच्याबरोबर कोण. मुलं गेल्यावर पुन्हा दहा मिनिटं. एक जाड वही अपघात-नोंदीची. खरचटलं तरी वेळ, जागा, काय केलं, कोणत्या पालकाला किती वाजता सांगितलं. गुडघ्याला लागलेलं आईला घरी गेल्यावर कळलं तर विश्वास जातो, सोडतानाच सांगितलं तर ती 'काही नाही हो' म्हणते.

पहिल्या तीन दिवसांत संचालकांनी प्रत्येक गटात न सांगता वीस मिनिटं बसावं. ओरडून दमलेला दादा तेव्हाच दिसतो. त्याला घरी पाठवण्याआधी एका अनुभवी ताईच्या गटात दोन दिवस जोडा.

९. तक्रार किंवा संशय आला तर

पॉक्सोच्या कलम १९ प्रमाणे मुलावर लैंगिक गुन्हा झाल्याचं कळलं किंवा होण्याची भीती वाटली तरी पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. पुरावा गोळा करणं तुमचं काम नाही. आपल्या हाताखालच्या माणसाबद्दलची माहिती संस्थाप्रमुखाने दडवली तर कलम २१ प्रमाणे एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर मात्र कोणतीही जबाबदारी येत नाही, हेही कलम १९ मध्येच लिहिलेलं आहे. ताई-दादांना हे दोन्ही माहीत असू द्या; भीतीने गप्प बसणारे पुष्कळ असतात.

क्रम असा. मूल सुरक्षित जागी, त्याच्या विश्वासाच्या ताईबरोबर. ज्याच्याबद्दल तक्रार आहे तो लगेच मुलांपासून दूर, पण त्याला मुलासमोर उभं करून जाब विचारायचा नाही. मुलाच्या पालकांना बोलावून घ्यायचं. घरातल्याच कोणाबद्दल असेल तर आधी चाइल्डलाइन १०९८. पोलिस ठाण्यात लेखी कळवून पोच घ्यायची. कपडे धुवायचे नाहीत, सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग त्याच दिवशी कॉपी करून ठेवायचं, बऱ्याच हॉलमध्ये ते काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं. पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मुलाचं नाव, गट, इमारत, काहीही जाता कामा नये. सोसायटीच्या कमिटीतले 'आपसात मिटवून टाकू' म्हणतील. हा विषय मिटवण्याचा अधिकार त्यांना नाही आणि तुम्हालाही नाही.

१०९८, ११२, १०८, जवळच्या पोलिस ठाण्याचा आणि जवळच्या बालरोगतज्ज्ञांचा नंबर, एवढे पाच नंबर मोठ्या अक्षरात लिहून हॉलच्या दारामागे, पाण्याच्या पिंपाजवळ आणि गाडीत लावा. मावशींना अक्षरं वाचता येत नसतील तर ११२ त्यांच्या फोनच्या पहिल्या बटणावर टाकून द्या आणि एकदा त्यांच्याकडूनच दाबून घ्या, फोन लागायच्या आत कट करून.